फळ्यावरचा सुविचार आणि मोरीतली भांडी



सकाळी सामायिक आटोपून मोबाईल हातात घेतला की एकामागून एक सुविचार येऊन पडलेले असतात. गुलाबाचं फूल, उगवता सूर्य, वाफाळता कप आणि त्याखाली दोन-चार ओळी. परवा सहज मोजले, तर आठ वाजेपर्यंत सत्तावीस आले होते. त्यातले चार मी पुढे पाठवलेसुद्धा. पण त्यातले नीट वाचले किती, असं कुणी विचारलं असतं तर मला मान खाली घालावी लागली असती.

तसं पाहिलं तर मी जुनी सुविचारवाली बाई. आमचं किराणा दुकान सडक अर्जुनीत, घराला लागूनच. आपल्या गोंदिया जिल्ह्यात दोन अर्जुनी आहेत. एक मोरगावची आणि एक आमची, सडकेवरची. ही सडक म्हणजे नागपूर-रायपूरचा महामार्ग, ज्याला आम्ही अजून जुन्या सवयीने 'सहा नंबर' म्हणतो. आता त्याचा नंबर ५३ झाला आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी बी.कॉम. झालेली, म्हणून सासऱ्यांनी दुकानाच्या वह्या माझ्याकडे दिल्या. त्यांच्यासोबत दाराशी टांगलेला काळा फळाही दिला. "रोज एक चांगलं वाक्य लिहीत जा, येणारा-जाणारा वाचेल," एवढंच म्हणाले. तेव्हापासून आजतागायत मी तो फळा लिहीत आले. गिऱ्हाईक वाचतात, शाळेतली मुलं वहीत उतरवून घेतात, आणि मला मनातून बरं वाटतं. हे बरं वाटणंच मला एकदा महागात पडलं. आज त्याविषयी लिहायचं आहे.

गेल्या वर्षीची दशलक्षण पर्वातली गोष्ट. पहिल्या दिवशी उत्तम क्षमा झाली आणि दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा. मार्दव म्हणजे मृदुता, अहंकार सोडणं, हे आपल्या घरातल्या लहान मुलीलाही पाठ असतं. मी सकाळीच फळ्यावर लिहिलं होतं की गोड बोलायला पैसे लागत नाहीत. घरी नागपूरहून नणंद आणि तिच्या सुना आलेल्या. शुद्ध स्वयंपाक, सोवळ्याचे वेगळे गंज, पाणी उकळायची वेगळी भांडी. मोरीत भांड्यांचा ढीग आणि भांडी घासणारी बाई दहा वाजले तरी आली नव्हती. रात्रभर पाऊस कोसळत होता, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे फक्त मोरी होती.

ती सव्वादहाला आली. चिंब भिजलेली, पदर डोक्यावर. तिने तोंड उघडण्याआधीच मी सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहवत नाही. "तुम्हा लोकांना सणावारालाच बरं सुचतं" हे एक वाक्य लिहिते, म्हणजे बाकीचं तुमच्या लक्षात येईल. पाहुण्यांसमोर बोलले. तिने काही उत्तर दिलं नाही. ढीग घासला, मोरी धुतली, ओटा पुसला. जाताना दाराशी थांबली आणि फळा वाचू लागली. तिला अक्षरओळख पूर्वी नव्हती, मुलीच्या पुस्तकांवरून हल्लीच शिकली आहे. अक्षराला अक्षर जोडत तिने सगळं वाक्य वाचलं आणि मला विचारलं, "काकू, हे गिऱ्हाइकायसाठी लिवता का जी?"

मैत्रिणींनो, टोमणा असता तर मी उलट उत्तर दिलं असतं. ती खरंच विचारत होती. फळा दुकानाच्या दाराशी आहे, म्हणजे तो दुकानात येणाऱ्यांसाठी असावा, असा तिचा सरळ हिशेब. मी "हो, सगळ्यांसाठीच" असं काहीतरी पुटपुटले आणि आत गेले.

संध्याकाळी दुकानातल्या पोराकडून कळलं की आदल्या रात्रीच्या पावसात तिच्या घराची मागची मातीची भिंत बसली होती. ती पहाटेपासून भिजलेलं धान्य उचलत होती आणि ते काम अर्धं टाकून माझ्याकडे आली होती.

यानंतर मी काय केलं ते ऐका. काहीच केलं नाही. दहा दिवस पूजा केली, एकासणं केली. अनंत चतुर्दशी झाली. क्षमावाणीच्या दिवशी सकाळपासून फोन हातात घेऊन बसले. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा, हा संदेश मी एकशे ऐंशी जणांना पाठवला. त्यातल्या कित्येकांशी माझं वर्षभर बोलणंच झालेलं नव्हतं. त्यांचं मन मी दुखावणार तरी कसं? जिचं दुखावलं होतं, ती त्या वेळी माझ्याच मोरीशी बसून भांडी घासत होती. तिचा नंबर त्या यादीत नव्हता.

मी हिशेबाची विद्यार्थिनी. रोजकीर्दीत टिपलेली नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढली नाही, तर वही कितीही सुवाच्य असली तरी ताळा जुळत नाही. माझे सुविचार असेच रोजकीर्दीत पडून होते. कुणाच्याही खात्यावर ते चढले नव्हते.

त्या रात्री झोप येईना. लहानपणी पाठशाळेत पाठ केलेलं आठवू लागले. तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. परीक्षेत मी ते न अडखळता लिहिले होते आणि पूर्ण गुण मिळवले होते. आम्हाला शिकवताना उदाहरणं बैलाची, घोड्याची, गाईची दिली जात. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, ताकदीपलीकडे ओझं लादणं, वेळेवर चारा-पाणी न देणं. आमच्याकडे बैल नव्हता, घोडा नव्हता. त्यामुळे हे अतिचार आपल्याला लागू नाहीत असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते.

आता ते आपल्या स्वयंपाकघराला लावून पाहू. हे अर्थ शास्त्रातले नाहीत, माझ्या घरापुरते मी लावलेले आहेत. चुकत असतील तर जाणकार ताईंनी जरूर सांगावं.

बंध म्हणजे बांधणं. "लग्नाला जायचं तर बदली बाई देऊन जा" असं आपण म्हणतो, तेव्हा आपण तिला दोरीशिवाय बांधतो. वध म्हणजे मारणं. हात कुणी उचलत नाही, पण चारचौघांत बोललेला शब्द काठीपेक्षा कमी लागत नाही. छेद म्हणजे कापणं. तापाने दोन दिवस आली नाही, म्हणून दोन दिवसांचे पैसे आपण कापतोच. अतिभारारोपण सांगायलाच नको. तीन माणसांच्या भांड्यांचा पगार ठरलेला असतो आणि पर्वात बारा माणसांची भांडी त्याच पगारात पडतात. वर आपण म्हणतो, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे." आणि अन्नपाननिरोध? ती सकाळी सातला घरून निघते, चार घरं करून आपल्याकडे येते. आपली पारणी होतात, जेवणं होतात, आणि तिचा चहा सगळं आवरल्यावर, तोही वेगळ्या कपात.

अजून एक बोलते, राग मानू नका. आपण शिळं खात नाही. रात्रभर राहिलेल्या अन्नात जीव पडतात, ते आपल्या पोटात जाऊ नयेत, हा आपला नियम. नियम चांगलाच आहे. पण रात्री उरलेला भात सकाळी कुणाच्या डब्यात जातो? जे आपल्यासाठी दोषाचं, ते तिच्यासाठी दान कसं काय होतं? मी स्वतः वर्षानुवर्षं हे केलं आहे आणि डबा भरताना "कुणाच्या तरी पोटात गेलं" असं समाधानही मानलं आहे. आता उरलं तर त्याच दिवशी, सूर्यास्ताआधी, ताजं असताना देते. नाहीतर भात मोजून टाकते, म्हणजे उरतच नाही.

पाणी गाळून प्यावं तसं बोलणंही गाळून बोलावं, हे आपण आजीच्या मांडीवर ऐकलेलं. पाच समित्यांमध्ये भाषा समिती आहेच. हित, मित आणि प्रिय बोला, म्हणजे समोरच्याच्या भल्याचं, मोजकं आणि गोड. सत्यव्रत टिकवायचं असेल तर राग, लोभ, भीती आणि थट्टा सोडायलाही सांगितलं आहे. थट्टासुद्धा, बरं का! आपल्या बायकांच्या बैठकीत कामवाल्यांवर किती विनोद होतात ते आठवा. मीही हसले आहे त्यात.

कुणी म्हणेल, हे बोलायला सोपं, रोजच्या संसारात कसं जमायचं? अशा वेळी मला लक्ष्मीबाई पाटील आठवतात. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मले. १९१९ साली काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, त्यात सगळ्या जातिधर्मांची गरीब मुलं एका छपराखाली राहत आणि एका पंगतीत जेवत. महात्मा गांधी तिथे १९२७ साली आले होते. कर्मवीरांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण एका पंगतीत जेवा असं म्हणणं वेगळं आणि त्या पंगतीचा स्वयंपाक करणं वेगळं. ते लक्ष्मीबाईंनी केलं. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेली ही सून त्या परक्या मुलांना रांधून घालू लागली, आजारी मुलाच्या उशाशी बसू लागली. धान्य संपलं की एकेक दागिना बाहेर काढू लागली, आणि शेवटी मंगळसूत्रही त्या मुलांच्या जेवणासाठी गेलं. १९३० साली त्या गेल्या, संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहायला मिळाला नाही. त्यांनी सुविचार लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यांच्या घरातला सुविचार चुलीवर शिजत होता.

आपल्याला मंगळसूत्र काढायला कुणी सांगितलेलं नाही. कप बदलायचा आहे, एवढंच.

आता त्या बाईकडे परत येते. क्षमावाणीनंतर तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. इतकी वर्षं ती माझ्याकडे येते, पण मी तिचं घर पाहिलेलं नव्हतं. भिंतीच्या जागी ताडपत्री लावलेली. मला पाहून ती गडबडली, तिला वाटलं कामावरून काढायला आले. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "माझं चुकलं गं. त्या दिवशी पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं." याहून जास्त शब्द सुचले नाहीत. एकशे ऐंशी जणांना पाठवलेला तो सुंदर संदेश इथे एक अक्षर कामाला आला नाही.

ती म्हणाली, "राह्यते जी असं. बसा, पाणी आनते."

मी मनात म्हटलं, आता पाण्याचं काय करू? माझं गाळलेल्या पाण्याचं व्रत. नाही म्हटलं तर तिला काय वाटेल? तेवढ्यात तिने धुतलेलं पांढरं फडकं घेतलं, चौपदरी केलं, गुंडावर धरलं आणि पाणी गाळून पेला माझ्यापुढे ठेवला. "तुमच्याकडे पायते ना रोज," म्हणाली. ती माझा नियम इतक्या मायेने सांभाळत होती, आणि मी माझ्या घरात तिचा कप वेगळा ठेवला होता. ते पाणी मी प्यायले. गळ्याखाली उतरायला वेळ लागला.

बोलताबोलता २०२० सालच्या टाळेबंदीचा विषय निघाला. तेव्हा आमच्या याच सडकेवरून माणसांची रांग लागली होती, आठवतंय ना? रेल्वे बंद, बस बंद. नागपूरकडून छत्तीसगडच्या दिशेने माणसं पायी निघालेली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, पायांत तुटक्या चपला, कुणाच्या पायांत त्याही नाहीत. आम्हीही दुकानातून बिस्किटांचे पुडे दिले, पण खरं सांगायचं तर भीतीने दाराची जाळी लावूनच दिले. आणि त्या दिवशीही फळ्यावर करुणेचं वाक्य होतं. ती मात्र तेव्हा रेशनच्या तांदळाचा भात शिजवून, शेजारणीला सोबत घेऊन, सडकेच्या कडेला झाडाखाली बसत असे. मोफत मिळालेला तांदूळ तो, माणशी महिना पाच किलो. त्यातून स्वतःच्या पोरांचं भागवून किती उरत असेल? "चालत चालली होती जी मानसं," एवढंच ती म्हणाली. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. विषय निघाला नसता तर मला ते कधी कळलंच नसतं.

१९७४-७५ साली भगवान महावीरांच्या निर्वाणाला २५०० वर्षं झाली, तेव्हा आपल्या सर्व पंथांनी मिळून एक प्रतीक स्वीकारलं. हाताचा पंजा, त्यात चक्र आणि मधोमध अहिंसा हा शब्द. मी तेव्हा शाळेत होते, वहीच्या मुखपृष्ठावर ते काढलेलं आठवतं. त्याच्या तळाशी तत्त्वार्थसूत्रातलं एक छोटं सूत्र आहे. सगळे जीव एकमेकांच्या आधाराने, एकमेकांवर उपकार करत जगतात, असा त्याचा अर्थ. आपल्या लग्नपत्रिकांवर, मंदिरांच्या दारांवर, गाड्यांच्या काचांवर ते छापलेलं असतं. तिने ते कधी वाचलेलं नाही.

आपल्याकडे चार भावना सांगितल्या आहेत. सर्व जीवांशी मैत्री, गुणवंतांना पाहून प्रमोद म्हणजे आनंद, दुःखी जीवांविषयी करुणा आणि विरोधात असणाऱ्यांविषयी माध्यस्थ्य. मी आजवर तिला करुणेच्या खात्यात लिहीत आले होते. जुनी साडी दिली, दिवाळीला डबा दिला, बिचारी म्हटलं. खरं तर तिचं नाव प्रमोदाच्या खात्यात हवं होतं. माझ्या मते आपली खरी चूक इथे होते. दया करताना आपण नकळत एक पायरी वर उभ्या राहतो. तिथून समोरच्याचं दुःख तेवढं दिसतं, त्याचे गुण दिसत नाहीत.

माझ्या काही मैत्रिणींचं म्हणणं मला ठाऊक आहे. "इतकं मऊ वागलं की त्या डोक्यावर बसतात." "रोज उशीर झाला तर आम्ही करायचं काय?" हे खोटं नाही. मला गुडघ्याचं दुखणं आहे, ती आली नाही की माझाही दिवस कोलमडतो. चूक झाली तर बोलावंच लागतं. पण आधी काय झालं ते विचारावं, मग बोलावं, आणि बोलावं ते एकटीला गाठून. प्रेमाने वागणं म्हणजे गैरवाजवी चालवून घेणं नव्हे.

आणि एक बी.कॉम. बाई म्हणून सांगते, पगार हे आपलं देणं आहे. ते दानाच्या खात्यात लिहू नका. ठरलेल्या तारखेला पगार देणं, जादा भांड्यांचे जादा पैसे देणं, आजारपणाची सुट्टी न कापणं, ही सगळी देणी आहेत. ती चुकती केल्यावर वर जे प्रेमाने देऊ, ते दान. आधी देणी थकवायची आणि मग जुन्या साड्या वाटायच्या, असा ताळेबंद कुठलाही हिशेबनीस पास करणार नाही.

सुविचार पाठवू नका असं मी म्हणणार नाही. एखाद्या वाईट सकाळी एखादं वाक्य खरंच हात देतं, मलाही दिला आहे. मी फक्त माझी वेळ बदलली आहे. आता फळा मी सकाळी लिहीत नाही, रात्री दुकान बंद करताना लिहिते. दिवसभरात जे थोडंफार जमलं, तेवढंच लिहिते. "आज कुणाला उशीराचं कारण आधी विचारलं" इतकं साधंसुद्धा. जमलं नसेल तर फळा कोरा ठेवते. पहिल्या आठवड्यात पाच दिवस कोरा होता. गिऱ्हाइकं विचारायची, "काकू, आज काही लिहिलं नाही?" लाज वाटायची. अजूनही महिन्यातून बरेच दिवस तो कोराच असतो. स्वभाव एका वर्षात जात नाही.

ती अजून येते. भिंत उन्हाळ्यात बांधून झाली. कप आता सगळे सारखे आहेत. वेगळा कप मी टाकला नाही, कपाटात वर ठेवला आहे, मला दिसेल असा.

यंदा क्षमावाणीला किंवा संवत्सरीला आपण सगळ्याच फोन हातात घेऊ. घ्या जरूर. पण त्याआधी आपल्या मोरीशी, अंगणात, दुकानात, दुधाच्या पिशव्या टाकायला दाराशी कोण येतं ते एकदा पाहा. सुनेकडे पाहा, जावेकडे पाहा. ज्यांना संदेश पाठवायचं कधी सुचत नाही, त्यांच्यापासून सुरुवात करा, आणि समोर उभं राहून करा. तुमच्या घरी हे कसं जमतं, कुठे अडतं, तेही मला कळवा. मी अजून शिकते आहे.

माझ्या या लिहिण्यात कुणाला काही लागलं असेल तर मनापासून क्षमा मागते.

जय जिनेंद्र.